भट्टीची भिंत

लालबागला घड्याळ नाकानं कळतं. पहाटे पाव, दुपारी मसाला गल्लीत डंकांखाली कुटली जाणारी मिरची आणि दिवेलागणीला चिवड्याच्या कढया. यातली मिरची आणि चिवडा अजून शाबूत आहेत. पाव गेला. म्हणजे पाव मिळतो, नाक्यावरच्या दुकानात प्लास्टिकच्या क्रेटमधून येतो. कुठून येतो ते दुकानदारालाही धड सांगता येत नाही. पण त्याला वास नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली बेकरी २०२५च्या पावसाळ्यात बंद झाली.

बेकरीला नाव होतं, पाटीही होती. पण धुरानं ती इतकी काळवंडली होती की नाव वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. सगळे तिला नुसतं ‘भट्टी’ म्हणायचे. गल्ल्यावर बसणारा तो चाचा. आधी त्यांचे वडील चाचा होते, मग हे झाले. आत काम करणारी पोरं आझमगडकडची. मे महिन्यात उघड्या अंगानं पीठ मळायची आणि भर दुपारी पिठाच्या पोत्यांवर गाढ झोपायची.

या भट्टीची पाठ आमच्या चाळीच्या बोळात होती. ती भिंत बाराही महिने कोमट. उन्हाळ्यात तिच्या बाजूनं कुणी जायचं नाही. पावसाळ्यात मात्र तिच्यासमोर दोऱ्या बांधण्यावरून बायकांची भांडणं व्हायची. रात्री ओला टांगलेला युनिफॉर्म सकाळी कडक वाळलेला मिळायचा, आणि त्याला पावाचा वास यायचा. वर्गात आमच्या चाळीची मुलं त्या वासावरून ओळखू यायची. मधल्या सुट्टीआधी आमच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे. भूक लागते म्हणून.

आजी मात्र शेवटपर्यंत भट्टीची पायरी चढली नाही. पीठ पायानं तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, यावर तिची अढळ श्रद्धा होती. हा शब्द पोर्तुगिजांचा, त्यांच्या भाषेत पावाला असंच काहीसं म्हणतात, हे मी शाळेतून शिकून आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग तर मुळीच नको.” कारण तिच्या लेखी पोर्तुगीज म्हणजे विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवणारे लोक. ती गोष्ट ती इतकी रंगवून सांगायची, जणू ती स्वतः त्या विहिरीवर कळशी घेऊन उभी होती. खारी मात्र तिला चालायची. खारी पायानं तुडवत नाहीत, असं बहुधा तिनं स्वतःच ठरवलं होतं.

बाकी घराला सगळंच चालायचं. बाबांना ब्रून लागे, वरून कडकडीत आणि आत मऊ. पहिल्या पाळीला जाताना ते तो चहात बुडवून खायचे. भोंगा व्हायच्या आत ब्रून नरम पडला पाहिजे, म्हणून चहा उकळता. ताप आला की टोस्ट. पाहुणे आले की खारी. अचानक आले की बटर. (आमच्याकडे बटर म्हणजे बिस्किटासारखा तो फुगीर कडक गोळा. लोण्याचा आणि त्याचा संबंध फक्त नावापुरता.) वडापावच्या गाड्यांचे पाव वेगळे निघायचे, ते मोजायला चाचा स्वतः उठायचे. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी पावात वडा घातला असं सांगतात. त्यांनी तो चपातीत घातला असता तर मुंबईतल्या निम्म्या भट्ट्या केव्हाच विझल्या असत्या, असं चाचांचं मत होतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात बाबाही. सुरुवातीला ते पहाटे सवयीनं उठून ब्रून आणायला जायचे. मग जाईनासे झाले. मला पाठवायला लागले, कारण पोरांकडे कुणी पैसे मागत नाही. थोरले चाचा एका लांबट वहीत काहीतरी उर्दूत लिहायचे आणि लादी कागदात गुंडाळून हातात द्यायचे. ती उधारी कधी फिटली की नाही, मला माहीत नाही. बाबा फिटली म्हणायचे. चाचांना एकदा विचारलं तर म्हणाले, “अब्बांची वही मला वाचता येत नाही.” चाचांना उर्दू उत्तम येत होतं.

पण भट्टी म्हटलं की मला सगळ्यांत आधी आठवते ती नानकटाई.

ओव्हन ही वस्तू तेव्हा चाळीत कुणी पाहिलेली नव्हती. मे महिन्यात आणि दिवाळीआधी नानकटाई घरी करायची आणि भाजायला भट्टीवर न्यायची. आई परातीत तूप घेऊन तळहातानं फेसायला बसायची. पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत. त्याचा थेंब पाण्यात टाकून तो तरंगतो का ते बघायचं. मग पिठीसाखर, मैदा, मूठभर बेसन, वेलची, जायफळ. गोळे मात्र भट्टीवरच वळायचे, चाचांच्या काळ्या पत्र्यांवर. सगळी चाळ पराती घेऊन तिथे. पत्र्याच्या कडेला खडूनं खोली नंबर. तो खडू आत पुसला जायचा हे सगळ्यांना माहीत होतं, तरी दर वर्षी लिहायचा. म्हणून मग खुणा. आमच्या नानकटाईवर चारोळी, सतरा नंबरच्या काकूंच्या पिस्त्याचा काप, आणखी कुणाची चमच्याच्या टोकानं काढलेली फुली.

काकू साजूक तूप घालतात, असं त्या स्वतः सांगायच्या. एका वर्षी डबे बदलले आणि त्यांची नानकटाई आमच्याकडे आली. आईनं एक तुकडा मोडला, तोंडात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, “डालडा.” तो शब्द तिनं इतक्या समाधानानं उच्चारला की वर्षभराचा शीण गेला असावा. डबा तिनं परत केला, एक शब्दही न बोलता. पण त्यानंतर काकूंनी साजूक तुपाचं नाव काढलं की आई हळूच पदर सावरायची.

भाजायला किलोमागे काही पैसे पडत, ते नावालाच. चाचांना हे परवडायचं, कारण भट्टी आपल्या सवडीनं निवते. रात्री लाकडं पेटवून विटा तापवायच्या, निखारे ओढून काढायचे, तळ ओल्या गोणपाटानं पुसायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून माल आत सारायचा. पहिल्या तडाख्यात पाव आणि ब्रून. उष्णता उतरली की खारी, मग टोस्ट. आणि दुपारी तीनच्या सुमाराला जी म्हातारी ऊब उरते, ती चाळीच्या नानकटाईची. त्याआधी कुणी परात घेऊन गेलं तर चाचा हाकलायचे, “भाभी, अभी नहीं, जल जाएगा. तीन के बाद आना.” विजेच्या ओव्हनला बटण असतं. बंद केला की बिल थांबतं, आणि कुणाला द्यावी अशी ऊब मागे राहत नाही.

धूर होता, हेही सांगायला हवं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा दमा त्या चिमणीखालीच वाढला. आणि लाकूड कसलं? इमारती पाडून निघालेलं. शेजारची चाळ टॉवरसाठी पाडली तेव्हा तिची दारं-खिडक्या भंगारवाल्याच्या हातगाडीवरून थेट भट्टीवर आलेली मी पाहिली आहेत. एका फळीवर ऑइलपेंटनं ‘शुभ लाभ’ लिहिलेलं होतं. त्या आठवड्यात आम्ही ज्यांच्या दारावर भाजलेले पाव खाल्ले, ते तेव्हा संक्रमण शिबिरात होते. रंगासकट जळणाऱ्या त्या फळ्यांचा धूर फुप्फुसात काय करत असेल, याचा विचार आम्ही केला नाही. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना गॅस किंवा विजेवर जायला सहा महिने दिले, तेव्हा मला वाईट वाटलं. पण न्यायालयाचं चुकलं असं काही म्हणवेना.

चाचा गॅसवर गेले असते कदाचित. पण ती इमारतच पाडायची ठरलेली, भाडं पागडीचं, आणि मुलगा नव्या मुंबईत कॉम्प्युटरसमोर बसणारा. पाडायच्या इमारतीत नवा ओव्हन कोण बसवतो?

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला गल्ल्याजवळ थांबवलं. “भाभींना सांग, काही भाजायचं असेल तर उद्या तीनला.” आईचे गुडघे आणि बोटं दोन्ही आता कामातून गेलेली. गेल्या दहा वर्षांत तिनं नानकटाई केली नव्हती. तरी तूप तिनंच फेसलं. मला हात लावू दिला नाही. परात घेऊन मी गेलो तेव्हा तिथे दुसरं कुणीच नव्हतं. खडू मागितला तर चाचा हसले. एकच पत्रा होता.

ऊब कमी पडली. आदल्या रात्री अर्धाच माल काढला होता, विटा पुरत्या तापल्याच नव्हत्या. नानकटाई पांढुरकी राहिली, मधे जरा कच्ची. आईनं एक मोडून खाल्ली. “हल्लीच्या तुपाला दम नाही,” म्हणाली, आणि चारोळी लावलेल्या चार नानकटाया काढून चाचांसाठी डब्यात भरल्या.

मग भट्टी पेटली नाही. भिंत लगेच गार झाली असं नाही. तीन-चार दिवस तिच्यात धुगधुगी होती. बोळातल्या दोऱ्या कुणी सोडल्या नाहीत. खालच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण, तिला यातलं काही माहीत नाही, इतर बायका टांगतात म्हणून तीही मुलाचा शाळेचा शर्ट रात्री तिथेच टांगते. बाहेर पाऊस लागलेला. सकाळी सातला ती तो शर्ट हातानं चाचपते, पिळते, पुन्हा चाचपते, आणि आत जाऊन इस्त्री लावते.