पहिल्या शंभरातला श्वास

४०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये पोरं हरतात ती पहिल्या शंभर मीटरमध्ये, आणि हरल्याचं त्यांना कळतं तिसऱ्या शंभरात. मी मालवण भागात पोहणं शिकवतो. माझ्याकडच्या पोरांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणून दाखवतात. ते वाक्य एका पोरीने माझ्या डोळ्यांसमोर पाण्यात उतरवून दाखवलं, त्या दिवसाबद्दल लिहितोय.

आमची बहुतेक पोरं खाडीकाठची. देवबाग-तारकर्लीकडच्या पाण्यात, कर्लीच्या खाडीत वाढलेली. पाण्याची भीती त्यांना ठाऊक नसते, ती घालवायला आमचा एक मिनिटही जात नाही. ही पोरगी त्यातलीच. नववीतली, बोलायला कमी, खांद्यांनी दणकट. ओहोटीला घरच्या बायकांबरोबर मुळे, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, काढायला जाणारी. बुडी मारायची, तळाची वाळू चाचपायची आणि ओंजळ भरल्याशिवाय वर यायचं नाही, ही तिची लहानपणापासूनची सवय. श्वास रोखून धरण्यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. आणि ४०० मीटरमध्ये तिची नेमकी हीच ताकद तिच्या आड येत होती.

तलावात सूर मारला की पहिली लांबी, म्हणजे तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ती दोन श्वासांत संपवायची. बघणारे खूश व्हायचे. ५० मीटरच्या शर्यतीत ते चालून जातं, तिथे मोठमोठे पोहणारेही एखाद-दुसऱ्या श्वासावर भागवतात, काही तर एकही घेत नाहीत. पण ४०० म्हणजे आमच्या २५ मीटरच्या तलावात सोळा लांब्या आणि पंधरा टर्न. आधीच्या स्पर्धेत तिचं पहिलं शंभर १ मिनिट १५ सेकंदांत झालं होतं, दुसरं १:३०, तिसरं १:४१ आणि चौथं १:४२. एकूण ६:०८ आणि नंबर चौथा. पहिल्या आणि चौथ्या शंभरात २७ सेकंदांचा फरक, म्हणजे शर्यत पोहून झालीच नव्हती, ती फक्त कशीबशी संपवली होती.

यामागचं कारण मी पोरांना दरवर्षी सांगतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः ऑक्सिजन कमी पडला म्हणून नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. हात-पाय जोरात चालू असताना तो भराभर साठतो. श्वास रोखून पहिली लांबी मारली तर तिसऱ्या-चौथ्या लांबीला जीव घाबरा होतो. मग तोंड बाहेर काढल्यावर त्या अर्ध्या सेकंदात आधी आतली हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची, अशी दोन कामं करावी लागतात. दोन्ही अर्धवट होतात. शिवाय भरलेली छाती वर उचलली जाते आणि पाय खाली जातात. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं, ते पाय उचलून धरतं. तलावातलं पाणी तशी मदत करत नाही.

आणि वेगाचा हिशोब तर त्याहून कठोर. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. वेग दहा टक्क्यांनी वाढवला की ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त लागते. पहिल्या शंभरात वाचवलेले सात सेकंद पुढे दुप्पट-तिप्पट व्याजाने फेडावे लागतात, त्याचं कारण हे.

तिला शिकवताना सगळ्यात अवघड गेलं ते पाण्यात हवा सोडायला लावणं. तोंड पाण्यात गेलं रे गेलं की नाकातोंडातून बुडबुडे सुरू, थांबायचं नाही, शेवटचा जोर तोंड बाहेर यायच्या क्षणी. बुडी मारणाऱ्या पोरीला हे जिवावर येतं. हवा सोडणं म्हणजे तिच्या लेखी वर यायची वेळ झाली. महिनाभर आम्ही दर दोन हातांमागे, म्हणजे हाताच्या दोन फटक्यांमागे, एक श्वास, तोही पहिल्या लांबीपासून, एवढंच घोटलं. तीन हातांमागे श्वास घेऊन दोन्ही बाजूंना वळायची सवय सरावात चांगली, खांदे सारखे राहतात. पण ४०० च्या शर्यतीत माझं मत स्पष्ट आहे: हवा जितकी मिळेल तितकी घ्यावी, आणि गरज भासायच्या आधीपासून घ्यावी.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी बंद करवली, आणि ती पोहायला येणाऱ्या प्रत्येक पोराच्या घरी माहीत असायला हवी. बुडी मारायच्या आधी ही मुलं भराभर चार-पाच खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. मग ऑक्सिजन संपत आला तरी श्वासाची हाक येत नाही आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. चांगलं पोहणारी माणसं अशी गेली आहेत. सूर मारायच्या ब्लॉकवर उभं राहिल्यावर सावकाश श्वास, सोडणं लांब, बस्स.

वेग मोजायला खाडी उपयोगाची नाही. भरतीच्या पाण्याबरोबर गेलं तर घड्याळ खोटं कौतुक करतं, ओहोटीला खोटं रागावतं. म्हणून तलावातच हात मोजायला लावले. तिचा डौल नीट असला की एका लांबीला १९ हात. २२ झाले की समजायचं, पाणी निसटतंय. सरावाचा सेट एकच, पुन्हा पुन्हा: चार वेळा १००, मध्ये दहा सेकंद विश्रांती, आणि पहिलं शंभर मुद्दाम आवरून.

टोकियो ऑलिंपिकची महिलांची ४०० मीटरची शर्यत मी सगळ्यांना मोबाइलवर दाखवतो. ३०० मीटरपर्यंत अमेरिकेची केटी लेडेकी पुढे आहे. ऑस्ट्रेलियाची आरियार्न टिटमस तिच्या मागे, पण घाईवर आलेली नाही. शेवटच्या शंभरात ती पुढे निघते आणि ३:५६.६९ ला भिंत गाठते, लेडेकी ३:५७.३६. ती शर्यत आमच्या पोरीने किती वेळा पाहिली असेल कोण जाणे.

शर्यतीचा दिवस दसऱ्यानंतरचा, मरणाच्या उकाड्याचा. उघडा तलाव, सहा लेन. आमची दुसऱ्या लेनमध्ये, सगळ्यात जलद वेळ असलेल्या दोघी तिसऱ्या आणि चौथ्या लेनमध्ये. मी पहिल्या लेनच्या बाजूला कठड्याशी एका जागी उभा राहिलो. काठाने पोहणाऱ्याबरोबर चालत त्याला वेग दाखवणं नियमात बसत नाही, आणि बसत असतं तरी मी ते केलं नसतं. पेस, म्हणजे वेगाचा अंदाज, पोहणाऱ्याच्या अंगात असावा. ती फक्त उजवीकडे श्वास घेते. त्यामुळे जाताना तिला पहिली लेन आणि मी दिसणार होतो, येताना तिसऱ्या-चौथ्या लेनमधल्या दोघी. मला धास्ती होती ती येतानाच्या लांब्यांची. दुसरी पुढे दिसली की पोर पिसाळते आणि शिकवलेलं सगळं विसरते.

शिट्टी झाली, सूर मारला आणि वर आली तेव्हा तिचा गॉगल गळ्यात होता.

सूर मारताना हनुवटी जराशी उचलली गेली की पाण्याचा मार थेट काचेवर बसतो आणि गॉगल खाली सरकतो. मोठमोठ्यांचं होतं. आता ही थांबणार, गॉगल वर ओढणार, तीन-चार सेकंद आणि लय दोन्ही घालवणार, असंच मला वाटलं. ती थांबली नाही. पहिल्या श्वासाला तिचा चेहरा माझ्याकडे वळला. अर्धं तोंड पाण्यात, अर्धं बाहेर, एक डोळा मिटलेला. डोकं पाणी कापत जातं तेव्हा गालाशी पाण्याला जो खळगा पडतो, त्यातून ती हवा घेत होती. मान उचलायची जुनी खोड दिसली नाही. मी घड्याळाकडे न बघता श्वास मोजले. पहिल्या लांबीला आठ. एवढ्यावरच माझा जीव भांड्यात पडला.

पहिलं शंभर १:२२. चौथ्या लेनमधली १:१६ ला वळली, सहा-सात मीटर पुढे. आमच्या पोरीचे काका मागून म्हणाले, "सर, आज चेडवाक (पोरीला) बरां नाय काय?" मी मान हलवली, बोललो नाही. दुसरं शंभर १:२९. तिचे हात १९ वरून २० वर गेले आणि तिथेच राहिले. टर्न घेताना भिंतीआधीचा श्वास तिने एकदाही चुकवला नाही. आमच्या पोरांना तिथे हुशारी करायची सवय असते, श्वास न घेता कोलांटी मारली की अर्धा सेकंद वाचतो असं वाटतं, आणि पुढच्या दहा हातांत तो दामदुपटीने जातो.

तिसरं शंभर हे ४०० चं खरं पोट. सुरुवातीचा जोर ओसरलेला, शेवट अजून दूर. ८०० आणि १५०० मध्ये निदान घंटा वाजते, लांब्यांचे आकडे दाखवतात. ४०० मध्ये ते काही नाही, आपलं आपणच मोजायचं. चौथ्या लेनमधली इथेच फुटली. तिचं डोकं श्वासाला वर येऊ लागलं, कंबर डावी-उजवी हलू लागली, तोंड मोठं उघडूनही हवा पुरेना. तिचं तिसरं शंभर १:३५ चं झालं, आमचं १:३०. बाराव्या लांबीच्या भिंतीला फक्त एका सेकंदाचं अंतर उरलं होतं. तेराव्या लांबीत आमची पुढे गेली, आणि गंमत म्हणजे तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पाय तिने शेवटच्या पन्नाससाठी राखले होते. मांड्यांचे मोठे स्नायू ऑक्सिजन सपाटून खातात, म्हणून तोवर पायांचा मार हलका ठेवायचा. पंधराव्या लांबीला तिच्या मागे पाणी उसळायला लागलं. शेवटचं शंभर १:२६. एकूण ५:४७, आधीपेक्षा २१ सेकंद कमी. चौथ्या लेनमधली ५:५२. तिसऱ्या लेनमधली मुलगी ५:४१ ला पहिली आली. तीही तोलून-मापून पोहली होती आणि अंगाने वरचढ होती, तिचं कौतुक मी जाऊन केलं. आमची दुसरी.

डोळे लालबुंद करून ती बाहेर आली. गॉगलचं विचारलं तर म्हणाली, "सर, डोळे खाडीत उघडेच असतत. पण माका कोण दिसाक नाय. सगळा धुरकट. म्हणान मी आपले हात मोजीत ऱ्हवलंय."

येतानाच्या लांब्यांत जिची मला धास्ती होती ती चढाओढ तिला दिसलीच नव्हती. तळाची काळी रेघ आणि स्वतःचे हात, एवढ्यावर तिने सोळा लांब्या काढल्या. शिकवणारा म्हणून मला त्यातून एक सराव सुचला आणि तो मी आता सगळ्यांना देतो: १०० मीटर डोळे फक्त रेघेवर ठेवून पोहायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं नाही, आणि भिंतीला हात लागल्यावर घड्याळ न बघता आपला वेळ सांगायचा. सुरुवातीला पोरं पाच-सात सेकंदांनी चुकतात, मग अंदाज जवळ यायला लागतो. ही पोरगी आता बहुतेक वेळा सेकंदाच्या आत सांगते.

पुढची स्पर्धा ५० मीटरच्या तलावात आहे. तिथे सात टर्न, म्हणजे भिंतीला ढकलून मिळणारा वेग निम्म्याहून कमी वेळा मिळणार आणि सलग पोहणं वाढणार. १९ हातांचा हिशोब तिथे चालणार नाही. एका लांबीला चाळीसच्या पुढे हात जातील आणि मधल्या वीस मीटरमध्ये ती श्वास लांबवते की काय, हे बघायचं आहे. आमच्याकडे तेवढा तलाव नाही, म्हणून चिवल्याच्या किनाऱ्याजवळच्या शांत पाण्यात दोन बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, टाकून पन्नास मीटरचं अंतर आखलंय. प्रवाह असतो, घड्याळ तिथे लावत नाही. फक्त हात आणि श्वास. नवीन गॉगलचा पट्टा टोपीच्या आत घालून सूर मारायचा सराव सोमवारी सुरू झाला.