आंबोलीच्या चढावर थर्मामीटर घेऊन

सावंतवाडीहून आंबोली जेमतेम ३० किलोमीटर, चढ सुमारे ६०० मीटरचा. १००० मीटरला सरासरी ६.५ अंश घट धरली, तर वर हवा चारेक अंशांनी गार हवी. जानेवारीतल्या पहाटे मात्र हा हिशेब कोसळतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि दाणोलीकडच्या तळाला साचते. तेव्हा घाटाचं मधलं वळण तळापेक्षा उबदार असू शकतं.

आम्ही एकाच बनावटीचे चार थर्मामीटर घेतो. निघण्यापूर्वी दहा मिनिटं एकाच बादलीत बुडवून त्यांच्यातला फरक लिहून ठेवतो, नाहीतर यंत्राची चूक डोंगराच्या नावावर जाते. प्रत्येकावर भोकं पाडलेला पांढरा पेला उपडा, कारण ऊन थेट पडलं की आकडा हवेचा राहत नाही. उंची जमिनीपासून सव्वा मीटर. खाली सातला आणि वर नऊला नोंद करणं ही नेहमीची चूक. दोन गट करावेत आणि घड्याळ एकच ठेवावं.

कीटक मोजताना खरी फसगत होते. घाटाचा उतार पश्चिमेकडे, त्यामुळे तिथे ऊन उशिरा पोचतं, माथ्यावर आधी. बहुतेक फुलपाखरांचे उडण्याचे स्नायू ३० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय पंखांना बळ येत नाही. म्हणून नऊ वाजता गार माथ्यावर जास्त फुलपाखरं दिसतात आणि घाट ओस वाटतो. घाटातली फुलपाखरं पानाआड बसलेली असतात, इतकंच! मोजणी ऊन सगळीकडे पोचल्यावर करावी आणि अळ्याही मोजाव्यात, कारण त्या ऊन पाहून उडून जात नाहीत. निलवंत या फुलपाखराच्या अळ्या माकडलिंबूच्या पानांवर शोधाव्यात. गारव्यात त्यांची वाढ लांबते, म्हणून आकड्याबरोबर अळीची लांबीही लिहावी.

आंबोलीजवळच्या चौकुळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, चार पावलांत हवामान बदलतं. दुपारी उघड्या जांभ्यावर हात ठेववत नाही, दगडाखाली मात्र गारवा. नाकतोडे अंग सूर्यकिरणांच्या रेषेत वळवतात, म्हणजे ऊन कमी लागतं. टायगर बीटल हा भुंगेरा लांब पायांवर उंच होऊन पोट तापल्या कातळापासून दूर धरतो. दगड उचललाच, तर होता तसा, त्याच बाजूने परत ठेवा. उलटा राहिलेला दगड खालच्या जिवांचं छप्पर नेतो.