हेरवाडचा ठराव आणि पहिले तीन तास

नवऱ्याचं प्रेत उचलण्याआधी बायकोचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र-जोडवी काढायची. का, हे विचारायची सोय नसते. म्हणूनच तर तिला रीत म्हणतात. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तेव्हा दोनच दिवस उरले होते. 17 मे रोजी शासनानं परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. शाहू महाराजांच्या करवीर (कोल्हापूर) संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला तो 1917 मध्ये. म्हणजे पुन्हा लग्न करायची मुभा शंभर वर्षांची आणि कुंकू ठेवायची मुभा परवाची!

ठराव करणं तसं सोपं. आधी महिला सभा घ्यावी, विषय तिथूनच वर येऊ द्यावा. सूचक-अनुमोदक बायकाच असाव्यात. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या लागते. फक्त हा विषय ‘आयत्या वेळच्या विषयांत’ ढकलू नये. तोवर निम्मं गाव घरी गेलेलं असतं, आणि पुढं ‘आम्हाला कुठं विचारलं?’ म्हणायला मोकळं.

खरी अडचण पुढची. या ठरावाला दंड नाही, आणि जे व्हायचं ते मयतीनंतर दोन-तीन तासांत होऊन जातं. तेव्हा सरपंच नसतो, भावकीतल्या थोरल्या बायका असतात. त्यातल्या कितीतरी स्वतः विधवा. ‘आमच्या फोडल्या, हिच्या का नकोत?’ हा त्यांचा प्रश्न दुष्टपणाचा नसतो. जिचा नवरा गेला ती नको म्हणण्याच्या अवस्थेत नसते. म्हणून प्रत्येक गल्लीत दोघी-तिघी आधीच ठरलेल्या हव्यात. निरोप आला की जाऊन तिच्या शेजारी बसायचं, भाषण नको. त्यांतली एक कुंकू लावणारी विधवा असेल तर अर्धं काम तिथंच होतं. परगावचे पैपाहुणे यायच्या आत भावकीतल्या एखाद्या कर्त्याला ठराव सांगून ठेवावा. आणि तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनालाही जावं, कारण घरात टळलेलं नदीवर गुपचूप उरकलं जाऊ शकतं.

हळदीकुंकवाला विधवेला बोलावून कोपऱ्यात बसवलं, करंडा शेवटी तिच्याकडं नेला, तर फरक तसाच राहिला. रांगेत बसेल तशी तिची पाळी यावी, एवढंच. विधवेच्या नावाआधी ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) लिहायचं की ‘श्रीमती’ यावरही 2023 मध्ये बराच धुरळा उडाला. तिला काय आवडतं ते तिलाच विचारलं तर भागतं.

कुंकवाच्या गडबडीत सात-बारा मात्र विसरला जातो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा ही मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीची वारस आहे. ‘दुसरं लग्न केलंस तर जमीन जाईल’ ही धमकी पोकळ आहे. नवऱ्याच्या मृत्यूवेळी मिळालेला वाटा पुढच्या लग्नानं परत जात नाही. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडं द्यायचा असतो. बऱ्याचदा तो दीर नाहीतर चुलत सासरा भरतो आणि हिची फक्त सही घेतो. सहीआधी वारसांची यादी मोठ्यानं वाचून घ्यावी. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला 15 दिवस असतात, त्यात नाव पुन्हा एकदा तपासावं.