मारुती ८०० : थर्मोस्टॅट बदलला, काटा मध्यावर आला

कार्ब्युरेटरचं काम झाल्यापासून गाडी सुरेख चालते आहे, पण टेंपरेचरचा काटा मध्यावर येत नव्हता. जळगावच्या गर्दीत जरा वर सरकायचा आणि भुसावळ रोडला नशिराबाद मागे पडलं की परत 'सी'ला, म्हणजे थंडच्या खुणेला, चिकटायचा. थंडीत चोक (गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची दांडी) आत ढकलला की गाडी गचके द्यायची, पेट्रोलही जास्त पीत होती.

ही सगळी लक्षणं उघड्या राहिलेल्या थर्मोस्टॅटची. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. पंखा बिघडला असेल तर गर्दीत काटा मध्याच्याही वर चढतो आणि वेग घेतल्यावर खाली येऊन मध्यावर स्थिरावतो. इथे तो मोकळ्या रस्त्यावर मध्याच्या बराच खाली जात होता.

खोलण्याआधी होजवर, म्हणजे रेडिएटरच्या रबरी नळीवर, हात ठेवून बघितलं, पंख्यापासून हात लांब ठेवून. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. थर्मोस्टॅट चांगला असेल तर रेडिएटरचा वरचा होज बराच वेळ गार राहतो आणि काटा मध्याजवळ आला की एकदम तापतो. माझा पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला. याच्या उलट काटा भराभर चढतोय, इंजिन तापलंय आणि वरचा होज मात्र गारच, असं दिसलं तर गाडी ताबडतोब बंद करा. थर्मोस्टॅट बंद अडकलेला असू शकतो आणि त्यात हेड गॅस्केट (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) जायला वेळ लागत नाही. कूलंट कमी असलं किंवा आत हवा अडकली तरी असंच दिसतं, म्हणून आधी पातळी बघा. पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

हाउसिंग खोलून थर्मोस्टॅट बाहेर काढला आणि उजेडासमोर धरला. गार असूनही कडेने फट दिसत होती. झडप टेकते त्या कडेवर पांढरा क्षार साचलेला. बोअरचं पाणी ओतत राहिलं की हेच होतं. नवा बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगला, तळाला टेकू न देता, शेजारी थर्मामीटर. आतल्या डबीतलं मेण वितळून फुगतं आणि स्प्रिंगच्या विरुद्ध झडप ढकलतं. अंगावर ८२ कोरलंय, आणि त्याच सुमारास झडप हलायला लागली. पाणी उकळायला आलं तोवर पूर्ण उघडली. बसवताना हवा जाण्याचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवलं, गॅस्केट नवं घातलं.

आता आपल्याकडच्या गॅरेजमधल्या सल्ल्याबद्दल. "भाऊ, आठे इतलं ऊन शे, वॉल काढी टाका!" म्हणजे इथे एवढं ऊन आहे, वॉल (थर्मोस्टॅट) काढून टाका, हे खान्देशात कुठेही ऐकायला मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते तेव्हा ९० अंशांच्या कूलंटला उष्णता टाकायला ४५ अंशांचाच फरक मिळतो. जानेवारीच्या पहाटे पारा १० पर्यंत उतरला की तोच फरक ८० होतो. एवढी तफावत सांभाळायला तर थर्मोस्टॅट असतो. कडक उन्हात तो तसाही जवळजवळ पूर्ण उघडा असतो, म्हणजे काढून फारसं काही मिळत नाही. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप तपासा. वॉल काढला की हिवाळ्यात इंजिन गारच पळतं, ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओल साचते, सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर हाच वॉल बायपासची वाट बंद करतो. तो नसला की थोडं कूलंट रेडिएटरला न जाताच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते.

आता सकाळी काटा लवकर मध्यावर येतो आणि भुसावळपर्यंत तिथेच राहतो. चोकही लवकर आत ढकलता येतो. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळून भरलंय.

पुढचं काम रेडिएटरचं. झाकणाचं रबर कडक झालंय, नवं आणून ठेवलंय. नळ्या आतून साफ करून घ्यायच्या आहेत. ऊन तापलं की चाळीसगावहून कन्नड घाट चढवणार आहे, काटा कुठवर जातो ते इथेच लिहीन.