नागाहामाची दुपार

जपानच्या शिकोकू बेटावरच्या तोसा प्रांतात शिरलो तो कितवा दिवस होता आता आठवत नाही. शिकोकूच्या 88 देवळांच्या वारीत 23 वं देऊळ सुटलं की 24 वं थेट मुरोतोच्या टोकाला, 75 किलोमीटर, मधे एकही देऊळ नाही, डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर आणि अंगाला घासून जाणारे ट्रक. तोसा म्हणजे शुग्यो, कसोटीचा प्रांत. जुन्या काळी तर इथल्या संस्थानाचं शासन हेन्रोंना, म्हणजे इथल्या वारकऱ्यांना, दोनच नाक्यांवरून आत-बाहेर सोडायचं, पूर्वेला कान्नोउरा आणि पश्चिमेला मात्सुओची खिंड, आणि रेंगाळायची सोय नाही. पायाखालचा डांबरी रस्ता बघून मला दोन दिवस वाटत होतं की ते शासन अजून चालूच आहे.

25 व्या देवळात सुकाणू धरणारे जिझो, वाटसरूंना सांभाळणारे बोधिसत्त्व. 1602 मधे यामाउची काझुतोयो, म्हणजे तोसाचे नवे दाइम्यो, संस्थानिक, मुरोतोजवळ वादळात सापडले, कुठून तरी एक भिक्षू आला, सुकाणू धरलं, नाव बंदराला लावली आणि नाहीसा झाला. ओल्या पावलांच्या मागे देवळात गेले तर आत जिझोंची मूर्ती ओलीचिंब! रात्री फोनवर बाबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, अरे हा तर नाथांच्या घरचा श्रीखंड्या. बाबांनी अकरा वर्षं पायी वारी केली, गुडघे गेल्यापासून बंद आहे. मी रोज रात्री त्यांना दिवसभराचं सांगतो आणि ते रोज आधी पायाचं विचारतात.

त्यानंतरची देवळं एकमेकांत मिसळून गेलीत. कोकुबुन्जीचं मुख्य मंदिर 1558 मधे इथले जुने सरदार चोसोकाबे कुनिचिका आणि त्यांचा मुलगा मोतोचिका यांनी बांधलेलं, तेवढं लक्षात राहिलं. गोदाइसानचा डोंगर चढलो, उतरलो. 32 व्या देवळात दाइम्योंचे लोक एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, निघताना समुद्रप्रवासासाठी नवस बोलायचे, मी फक्त बूट काढून बसलो. डाव्या टाचेला भला मोठा फोड आलेला, हृदयसूत्राचा बौद्ध पाठ म्हणताना अर्धं लक्ष तिकडेच, आणि शेजारी एक गृहस्थ इतक्या जोरात घंटा बडवत होते की चिडलो मी, ही वारी ज्यांची त्या कोबो दाइशींसमोर उभं राहून चिडलो.

तानेझाकीहून होडी, फुकट, पाचेक मिनिटांची. पलीकडे नागाहामाला उतरलो आणि पाय टेकवेना. काठी धरून एका घराच्या पायरीवर बसलो तर आतून आजी आल्या, ओहेन्रोसान, थांबा, म्हणाल्या, आणि परत आल्या त्या सुई, दोरा आणि गरम पाण्याचं घमेलं घेऊन. मी नको नको म्हणतोय तोवर त्यांनी मोजा काढला सुद्धा. फोडातून सुई आरपार नेली आणि दोरा आतच ठेवून टोकं कापली. आमच्याकडे फलटणच्या मुक्कामाला अगदी असंच करतात हो, दोरा आत ठेवायचा म्हणजे पाणी झिरपत राहतं. मला रडूच आलं. त्यांना वाटलं दुखतंय.

मग बुन्तान सोलून दिलं, पपनसासारखं पण गोड. समोरच्या खाडीकडे हात करून म्हणाल्या, आमचं घराणं चोसोकाबेंकडचं, वाड्यातले यामाउची नंतर आलेले. नंतर म्हणजे 1601 ला! मी काही बोललो नाही. त्या शांतपणे सांगत राहिल्या. मोतोचिका लहानपणी इतके गोरे, अबोल की लोक त्यांना राजकन्या म्हणून चिडवायचे, पहिली लढाई इथेच, 1560 मधे, वय 22, भाला कसा धरायचा ते रणांगणात विचारलं म्हणे. पुढे 1575 पर्यंत अख्खं तोसा, मग जवळजवळ सगळं शिकोकू, आणि 1585 ला जपान एकत्र करणाऱ्या हिदेयोशींपुढे शरणागती, हातात पुन्हा एकटं तोसा.

मोतोचिकांचे सैनिक इचिर्यो गुसोकू, म्हणजे एक चिलखतवाले, शेतकरीच, बांधावर भाला रोवून नांगरायचे. 1600 मधे सेकिगाहाराच्या लढाईत मोतोचिकांचा मुलगा मोरिचिका हरणाऱ्या बाजूला गेला, राज्य गेलं, काकेगावाहून यामाउची नेमले गेले. उरादोचा किल्ला सोडायला हे शेतकरी तयार होईनात. निदान अर्धं तोसा तरी आमच्या धन्याला ठेवा, एवढंच मागणं. 273 जणांची डोकी कापून ओसाकाला पाठवली. पुढच्या वर्षी कुस्त्यांचा फड लावून उरलेल्यांतले 73 पकडले आणि तानेझाकीच्या वाळूत खांबांवर चढवले असं सांगतात. तानेझाकी! तासाभरापूर्वी मी तिथे होडीची वाट बघत थंडगार चहा पीत होतो.

33 वं देऊळ पश्चिमेला, उरादो पूर्वेला. पाय म्हणत होता देवळात जा. मी उरादोला गेलो. 273 जणांसाठी उभे केलेले सहा जिझो आहेत तिथे, रस्त्याच्या कडेला. आजींनी दिलेल्या अर्ध्या फळाच्या फोडी समोर ठेवल्या, हृदयसूत्र म्हटलं, या खेपेला सगळं, एकही ओळ न चुकता. कात्सुराहामाचा किनारा पलीकडेच, सगळे साकामोतो र्योमाचा, इथल्या क्रांतिकारक सामुराईचा, पुतळा बघायला जातात, मी नाही गेलो.

सेक्केइजीला, 33 व्या देवळाला, पोचलो तोवर पाच वाजून गेलेले, वारीच्या वहीत देवळाचा शिक्का देतात ती खिडकी बंद. आतला माणूस दिसत होता, मान हलवून नाही म्हणाला. खूप राग आला, खरंच खूप.

सकाळी पुन्हा गेलो. हे मोतोचिकांच्या घराण्याचं देऊळ, नावही त्यांच्या मरणोत्तर नावावरूनच पडलेलं. आवारात थोरल्या मुलाची, नोबुचिकाची समाधी. क्यूशू बेटावर हिदेयोशींच्या बाजूने लढताना गेला, वय 22. बापाची पहिली लढाई ज्या वयात, त्याच वयात मुलाची शेवटची. त्यानंतर मोतोचिका आधीचे राहिलेच नाहीत, मधल्या मुलांना वगळून धाकट्या मोरिचिकाला वारस केलं, विरोध करणाऱ्या नातलगांना मारलं. मोरिचिकाचंही डोकं 1615 ला क्योतोत उडवलं. यामाउचींचे 16 दाइम्यो झाले, 1871 पर्यंत. त्यांच्या राज्यात चोसोकाबेंच्या माणसांना खालचा दर्जा, गोशी म्हणजे गावाकडचे सामुराई वगैरे, वरच्या सामुराईंपुढे वाकून राहायचं.

समाधीपाशी किती वेळ बसलो कोण जाणे. बाबांना फोन लावला, म्हटलं बाबा, दोरा अजून आतच आहे. ते म्हणाले, राहू दे, चालता चालता आपोआप सुटतो.

शिक्का घेतला. 34 वं साडेसहा किलोमीटर.