कीलेस चावी : झोपणारा बोर्ड बसला, आता अंतर मोजायचं काम

बटण न दाबता गाडी उघडणाऱ्या कीलेस चावीचे सिग्नल वापरून गाड्या चोरल्या जातात; ते रोखायला मी चावीत बसणारा छोटा सर्किट बोर्ड बनवतोय. तो अखेर बंद झाकणाआड बसला आणि व्यवस्थित चालतोय. चावी टेबलावर पडून राहिली की थोड्या वेळाने तिचा वीजपुरवठा तुटतो. मग गाडीने कितीही हाका मारल्या तरी उत्तर जात नाही. उचलली की लगेच जागी.

नव्याने आलेल्यांसाठी मूळ अडचण थोडक्यात, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच ठरलेत. हँडलला हात लावला की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास चावीला हाक मारते. हे चुंबकीय क्षेत्र मीटर-दोन मीटरपलीकडे पोचत नाही. चावीचं उत्तर मात्र ३१५, ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्झवर येतं आणि ते बरंच लांब जातं. हाक ऐकू आली म्हणजे चावी जवळच आहे, असं गाडी धरून चालते. चोर नेमकं हेच गृहीतक मोडतात. एक जण गाडीपाशी, दुसरा घराच्या दाराशी, आणि हाक इकडून तिकडे जशीच्या तशी पोचवली जाते; यालाच रिले हल्ला म्हणतात. एन्क्रिप्शन कोणी फोडत नाही, त्यामुळे ते कितीही मजबूत केलं तरी इथे फरक पडत नाही. झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांची १० मॉडेलं तपासली आणि दहाही या हल्ल्याला बळी पडली.

ही हाक डोळ्यांनी बघायला फेराइट कॉइलला समांतर कपॅसिटर लावून ती १२५ किलोहर्ट्झला ट्यून केली, ऑसिलोस्कोपला (सिग्नल स्क्रीनवर दाखवणाऱ्या उपकरणाला) जोडली आणि स्वतःच्या गाडीच्या दाराशी धरली. हँडलला बोट लागताच स्क्रीनवर छोट्या स्फोटांची रांग उमटते. कॉइल मागे नेली की ती झपाट्याने विरते, कारण जवळच्या क्षेत्रात तीव्रता अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते: अंतर दुप्पट, तर तीव्रता एक अष्टमांश. ज्यांच्याकडे स्कोप आहे त्यांनी आपल्या गाडीवर हे जरूर बघावं. आकृत्या वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे मिनिटभरात कळतं.

आता चावीचे सिग्नल अडवणारा धातूच्या कापडाचा पाऊच. बहुतेक जण चावी पाऊचमध्ये टाकून बटण दाबतात आणि गाडी उघडली नाही म्हणून निर्धास्त होतात. या चाचणीने फक्त उत्तराची वाट तपासली जाते. ॲल्युमिनियममध्ये ४३३ मेगाहर्ट्झला स्किन डेप्थ (लहर धातूत साधारण जेवढी खोल शिरते ती खोली) सुमारे ४ मायक्रॉन असते, १२५ किलोहर्ट्झला ती जवळपास पाव मिलिमीटर होते. म्हणजे पातळ धातूचं कापड वरच्या फ्रिक्वेन्सीला चांगलं अडवतं, खालच्या चुंबकीय क्षेत्राला पुरेसं अडवेलच असं नाही. चोरीला दोन्ही वाटा लागतात, म्हणून एक पक्की बंद असली तरी भागतं. पण तीच वाट घडीवरचा थर झिजला की किलकिली होते. त्यामुळे माझ्या मते खरी चाचणी एकच: पाऊच थेट हँडलला टेकवा आणि दार ओढून बघा. दार उघडलं तर पाऊच टाकून द्या. आणि ही चाचणी अधूनमधून पुन्हा करत राहा, कारण पाऊच रोज वाकतो, घासला जातो.

बोर्डाकडे वळतो. चावीतल्या सीआर२०३२ या बटण-सेलचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सीआर२०१६ चा व्यास तोच, जाडी १.६. म्हणजे पातळ सेल घातला की बरोबर १.६ मिलिमीटर जागा मिळते. त्यात ०.६ मिलिमीटरचा पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि १ मिलिमीटर उंचीचा एलआयएस३डीएच ॲक्सिलरोमीटर (हालचाल ओळखणारी चिप) मावतो, वर काही उरत नाही. सोल्डरचा थरही मोजावा लागतो. ॲक्सिलरोमीटर २५ हर्ट्झच्या लो-पॉवर मोडमध्ये साधारण ४ मायक्रोॲम्पिअर खातो, म्हणजे वर्षाला ३५ मिलिॲम्पिअर-तास. २०१६ ची क्षमता ९० च्या आसपास असते, तेव्हा हा खर्च कमी नाही. तरी चावी स्वतः बंद असताना काहीच खात नाही, त्यामुळे हिशोब बसतो.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो एका साध्या गोष्टीने. पुरवठा तोडणारा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद झाल्यावरही चावी काही काळ उत्तर देत राहते, कारण तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. व्होल्टेज हळूहळू उतरतं आणि मधेच चावी उचलली तर आतला मायक्रोकंट्रोलर धड बंदही नसतो, धड सुरूही नसतो. म्हणून पुरवठा तुटताच तो चार्ज रेझिस्टरमधून काढून टाकणारा दुसरा छोटा मॉस्फेट जोडला. आता स्कोपवर व्होल्टेजची रेघ सरळ उतरते आणि चावी दर वेळी स्वच्छ रीसेट होते.

हे सगळं करण्याआधी गाडीचं मॅन्युअल नक्की वाचा. फोर्डने २०१९ मध्ये युरोपातल्या फिएस्टा आणि फोकसला ४० सेकंद स्थिर राहिली की झोपणारी चावी दिली. टोयोटाच्या बऱ्याच चाव्यांत लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की बॅटरी वाचवण्याचा मोड सुरू होतो आणि तेवढा वेळ चावी हाकेला उत्तर देत नाही.

झोपणारी चावी खिशात चालताना मात्र जागीच असते. तिथे अंतर मोजण्याला पर्याय नाही. सिग्नलची ताकद वाढवता येते, पण प्रकाशाला घाई करता येत नाही. एका नॅनोसेकंदात तो ३० सेंटिमीटर जातो, आणि रिलेने जाण्यायेण्यात मिळून एक मायक्रोसेकंद जरी लावला तरी चावी १५० मीटर लांब दिसते. २०२० चं आयईईई ८०२.१५.४झेड हे रेडिओ मानक याच कामाचं आहे: अल्ट्रा-वाइडबँड (अतिशय छोट्या रेडिओ) पल्सांचा क्रम गाडी आणि चावी दोघांनाच माहीत असलेल्या गुपितातून तयार होतो, म्हणून पल्स आधीच बनवून पाठवणं अवघड होतं. कार कनेक्टिव्हिटी कन्सोर्शियम या उद्योगसंघटनेची २०२१ ची डिजिटल की ३.० यावरच उभी आहे.

डीडब्ल्यू३००० या अल्ट्रा-वाइडबँड चिपची दोन मॉड्यूल टेबलावर बोलू लागली आहेत. त्यांच्या टाइमस्टॅम्पची (पल्सच्या वेळेच्या नोंदीची) सर्वांत छोटी पायरी १५.६५ पिकोसेकंदांची, म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतराची. पण एकेरी मोजणीत (एक हाक, एक उत्तर) घड्याळांचे क्रिस्टल घोळ घालतात: उत्तराला १ मिलिसेकंद लागला आणि दोन घड्याळांत २० पीपीएम (दहा लाखांत २०) फरक असला, तर चूक थेट ३ मीटरची. दुहेरी मोजणीत (दोन्ही बाजूंनी हाक-उत्तर) हा फरक जवळजवळ पूर्ण कटतो, म्हणून तीच घेतली.

पुढचं काम शरीराच्या अडथळ्याचं. मॉड्यूल मागच्या खिशात ठेवलं की सरळ वाट अडते, परावर्तित पल्स आधी पकडली जाते आणि अंतर जास्त दिसतं. चूक या दिशेने असली तर दार उघडायला त्रास होईल, चोराला फायदा नाही. तरी किती अंतरापर्यंत दार उघडायचं हा उंबरठा खिशातल्या मोजणीच्या आकड्यांशिवाय ठरणार नाही, आणि त्याआधी दोन्ही अँटेनांचा डिले (सिग्नलला त्यांतून जायला लागणारा वेळ) नीट कॅलिब्रेट करायचा आहे.