जिनिंगची फाइल, जुना हंगाम आणि बेसिकमधली टिप्पणी

आमच्या हिंगणघाट तालुक्यातल्या जिनिंगमध्ये काटापट्टी आणि बिल एक्सेलच्या एकाच फाइलमधून निघतं. गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन, खाली झाली की रिकामं वजन, मग ओलावा, भाव, तोलाई आणि शेवटी कास्तकाराच्या हाती पडणारी रक्कम. हे सगळं गणित फाइलच्या मागे व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलसोबत येणाऱ्या बेसिक घराण्यातल्या प्रोग्रामिंग भाषेत, लिहिलेलं आहे. लिहिणारा मुलगा केव्हाच पुण्याला नोकरीवर गेला. हंगाम तोंडावर असताना फाइल माझ्याकडे आली, आणि पहिलंच काम निघालं ओलाव्याच्या कपातीचं.

हमीभाव दर साली बदलतो. लांब धाग्याच्या कापसाला २०२३-२४ साठी क्विंटलमागे ७०२० रुपये होता, २०२४-२५ साठी ७५२१ झाला. पण भाव म्हणजे एक आकडा, शीटच्या खान्यात बदलला की झालं. कपातीची रीत मात्र कोडात असते. सीसीआयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव उतरत जातो आणि १२ च्या वरचा कापूस घेत नाहीत. आमची खरेदी खासगी, तरी कपात त्याच धर्तीवर. मागच्या हंगामात पूर्ण टक्क्याने कापायचे, यंदा अर्ध्या टक्क्याने कापायचं ठरलं. म्हणजे तो अख्खा तुकडा नव्याने लिहिणं आलं.

दिवाणजींची अट एकच. "ताई, नवं काय टाकायचं ते टाका, पण मागच्या सालचा हिशोब पुसू नका. कास्तकार जुनी पट्टी घेऊन येते, त्याले दाखवा लागते."

मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. जुना तुकडा फाइलमध्ये राहायला हवा, पण चालायला नको. मी कॉलेजात सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेली. तिथे /* लिहिलं की */ येईपर्यंत सगळं बंद, मग मध्ये दोन ओळी असोत की दोनशे. व्हीबीएमध्ये अशी जोडीच नाही. टिप्पणी, म्हणजे कोडातला संगणकाने सोडून द्यायचा मजकूर, सुरू करायला चिन्ह आहे, संपवायला नाही. ओळ संपली की टिप्पणी संपली.

हे असं का, ते बेसिकच्या जन्मात आहे. १ मे १९६४ ला अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांची ही भाषा पहिल्यांदा चालली. प्रत्येक ओळीला नंबर असायचा, टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रावर, एकेक ओळ टाइप व्हायची, आणि मध्ये काही घालायचं तर १० आणि २० च्या मध्ये १५ नंबरची ओळ लिहायची. टिप्पणी सुरू करणारी रेम ही आज्ञा तेव्हापासूनची. ओळ हेच जिथे भाषेचं माप, तिथे टिप्पणीही ओळीपुरतीच असणार. एका नंबरावर उघडून भलत्याच नंबरावर मिटणारी टिप्पणी त्या रचनेत बसलीच नसती.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये रेमऐवजी नुसतं ' हे चिन्हही चालू लागलं. दोन्हींत थोडा फरक आहे. रेम ही स्वतंत्र आज्ञा असल्यामुळे दुसऱ्या आज्ञेच्या मागे ती लिहायची तर आधी कोलन द्यावा लागतो. ' ला कोलन लागत नाही. आणि रेमच्या मागे कोलन देऊन आणखी आज्ञा लिहिली, तर ती चालत नाही, तीही टिप्पणीतच जाते. १९९३ मध्ये एक्सेलसोबत व्हीबीए आलं तेव्हा नंबर गेले होते, पण ही सवय तशीच सोबत आली.

तर मग चाळीसेक ओळींपुढे एकेक ' टाइप करायचं का? नाही. व्हीबीएच्या एडिटरमध्ये व्ह्यू, टूलबार्स, एडिट असं गेलं की एक पट्टी उघडते. तीत कॉमेंट ब्लॉक आणि अनकॉमेंट ब्लॉक अशी दोन बटणं आहेत. ओळी निवडायच्या, बटण दाबायचं, सगळ्या ओळींपुढे ' लागतं आणि त्या हिरव्या होतात. मला यातली आवडलेली गोष्ट अशी, की जी ओळ आधीच टिप्पणी आहे तिच्यापुढे आणखी एक ' लागतं. उलटं बटण दाबलं की एकच निघतं. त्यामुळे तुकडा परत चालू केला तरी जुन्या टिप्पण्या टिप्पण्याच राहतात. ही पट्टी एडिटर स्वतःहून दाखवत नाही, म्हणून वर्षानुवर्षं मॅक्रो, म्हणजे असे छोटे प्रोग्राम, लिहिणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते.

हे करताना एक हिरवी ओळ दिसली, जी हिरवी असायला नको होती. तोलाई वजा करणारी ओळ. तिच्यापुढे ना रेम, ना '. बराच वेळ मी तिच्याकडे बघत बसले. मग वरच्या ओळीवर नजर गेली. ती सजावटीची टिप्पणी होती, ' च्या पुढे बऱ्याच आडव्या रेघा, मग एक मोकळी जागा आणि शेवटी अंडरस्कोर. व्हीबीएमध्ये ओळीच्या शेवटी मोकळी जागा आणि _ आलं की पुढची ओळ याच ओळीचा भाग धरतात, आणि टिप्पणीलाही हाच नियम लागू आहे. सजावटीचा तो शेवटचा _ खालची तोलाई गिळून बसला होता. तो काढला, ओळ काळी झाली, आकडे जुळले.

याच नियमाचा उपयोग करून काही जण मुद्दाम लांब टिप्पणी लिहितात: पहिल्या ओळीला ', मग प्रत्येक ओळीच्या शेवटी _. बहुओळी टिप्पणीच्या सगळ्यात जवळ जाणारी व्हीबीएतली रीत हीच. पण लागोपाठ २४ पेक्षा जास्त वेळा जोड चालत नाही, आणि व्हीबी डॉट नेट या बेसिकच्या नंतरच्या अवतारात टिप्पणी अशी पुढे जातच नाही. तोलाईचा प्रकार पाहिल्यावर मी ही रीत माझ्या फाइलमध्ये ठेवणार नाही, हे पक्कं केलं.

आता खरा प्रश्न. मला जुना तुकडा कायमचा मारायचा नव्हता. कास्तकार आला की चालवायचा, झालं की बंद करायचा. दर वेळी ओळी निवडून बटण दाबणं म्हणजे गर्दीच्या दिवशी एखादी ओळ सुटणारच. इफ फॉल्स देन आणि एंड इफ यांच्यात तुकडा घातला तर तो चालत नाही, पण कंपाइल होतो, म्हणजे चालवण्याआधी संगणक तो तपासून घेतोच. आत जुनं, आता काढून टाकलेलं व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव) असलं आणि वर ऑप्शन एक्स्प्लिसिट, म्हणजे प्रत्येक नाव आधी जाहीर करायची सक्ती, असली तर अडतो. गोटू लावून उडी मारली तरी तेच. मग # लावलेलं इफ. #इफ आणि #एंड इफ यांच्यातला तुकडा अट खोटी असेल तर कंपाइलच होत नाही. अटीच्या जागी मी स्वतःचं नाव दिलं, जुना हंगाम, जोडून आणि रोमन लिपीत. किंमत १ असली की जुनी कपात, ० असली की नवी.

इथे एक खाच आहे, ती नीट सांगते. मॉड्यूलच्या, म्हणजे कोडाच्या एका पानाच्या, वर #कॉन्स्ट लिहून हे नाव ठरवलं तर ते त्याच मॉड्यूलपुरतं राहतं. दुसऱ्या मॉड्यूलमधल्या #इफला ते माहीतच नसतं, आणि तो तक्रार न करता अट खोटी धरतो. ऑप्शन एक्स्प्लिसिटही इथे मदतीला येत नाही. आमची कपात एका मॉड्यूलमध्ये आणि बिल दुसऱ्यात, म्हणजे अर्धा हिशोब जुना अन् अर्धा नवा झाला असता. म्हणून टूल्स मेन्यूतल्या प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये कंडिशनल कंपाइलेशन आर्ग्युमेंट्स हा खाना आहे, तिथे नाव आणि = ० लिहिलं. ते अख्ख्या फाइलला लागू होतं.

#इफमधला बंद तुकडा हिरवा होत नाही, एवढी एक उणीव उरते. बघणाऱ्याला तो चालूच वाटतो. म्हणून प्रत्येक #एंड इफच्या शेजारी कोणत्या हंगामाचा तुकडा संपला ते लिहिलं.

लिहिलं ते रोमनमध्ये, आणि याचं मला वाईट वाटतं. व्हीबीएचा एडिटर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची संकेतपद्धत, मानत नाही. देवनागरीत टाइप केलं की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. पण शीटच्या खान्यांत देवनागरी व्यवस्थित राहते. तेव्हा 'माहिती' नावाची वेगळी शीट केली. कपात का बदलली, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखेपासून, सगळं तिथे मराठीत, हवं तेवढं लांब. कोडातल्या टिप्पणीत फक्त त्या शीटमधल्या ओळीचा नंबर. दिवाणजी कोड वाचत नाहीत, पण ही शीट चष्मा लावून वाचतात आणि दुरुस्त्याही सांगतात.

बेसिकच्या इतर भावंडांनी आपापले मार्ग काढले आहेत. फ्रीबेसिकमध्ये /' ने उघडून '/ ने मिटणारी खरीखुरी बहुओळी टिप्पणी आहे, आणि तिच्या पोटात दुसरी टिप्पणीही चालते, जे सीमध्ये चालत नाही. ब्लिट्झमॅक्समध्ये रेम आणि एंडरेम, डार्कबेसिकमध्ये रेमस्टार्ट आणि रेमएंड, ऑटोइटमध्ये #सीएस आणि #सीई. गावातल्या पोरांना शिकवायला मी फ्रीबेसिकच घेते. फुकट आहे, जुन्या संगणकावर चालतं, आणि फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या रूपात बीओएमसह (सुरुवातीच्या ओळखखुणेसह) जतन केली की पोरं टिप्पणी मराठीत लिहू शकतात.

संक्रांतीच्या सुमारास एक काकाजी मागच्या हंगामाची पट्टी घेऊन आले. शेजाऱ्याचा आणि त्यांचा ओलावा सारखा, पण यंदा शेजाऱ्याला कपात कमी लागली होती. "माह्या वेळी जास्त काऊन कापलं?" प्रोजेक्ट प्रॉपर्टीजच्या खान्यात १ केला, त्यांचं वजन आणि ओलावा टाकला, जुनी रक्कम पैशापर्यंत जुळली. मग ० करून यंदाच्या रीतीनेही काढून दाखवली, आणि 'माहिती' शीटवरची ती ओळ वाचून दाखवली. काकाजींनी दोन्हींची प्रिंट मागितली. त्यानंतर मी फाइल उघडतानाच्या मॅक्रोत आणखी एक #इफ घातला: खाना १ वर राहून गेला असेल, तर जुना हंगाम चालू आहे अशी पाटी उघडल्याबरोबर समोर येते.